गाठीची साक्ष

कलकत्त्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या डाव्या तीरावर, बजबज नावाचे एक जुने गाव आहे. महाराष्ट्रातील श्रोत्यांनी ते नाव ऐकले असेल तर बहुधा 'कोमागाता मारू' या जहाजामुळे. कॅनडाच्या किनाऱ्यावरून परत लावलेले हिंदी उतारू २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथे उतरले, गोळीबार झाला आणि सुमारे वीस माणसे प्राणास मुकली. एरव्ही बजबज म्हणजे तागाच्या गिरण्या, खनिज तेलाच्या टाक्या आणि शियालदाला जाणारी लोकल गाडी. या गाडीने जसे लोक कामासाठी नि बाजारासाठी शहरात येतात, तसेच औषधोपचारासाठीही येतात. जर्दा-खैनीची वर्षानुवर्षांची सवय जडलेला, जिभेच्या कडेला बरा न होणारा व्रण झालेला एखादा गिरणीकामगार त्यांत असू शकतो. शहरातल्या कर्करोग-रुग्णालयात तो पोचला, की साहजिकच तोंड उघडून जीभ दाखवू लागतो. डॉक्टर जीभ पाहतात. परंतु लगेच त्यांची बोटे त्याच्या हनुवटीखाली, जबड्याच्या कोनाशी आणि मानेच्या दोन्ही बाजूंना चाचपत फिरू लागतात. दुखणे एकीकडे आणि तपासणी भलतीकडेच, असे त्याला वाटले तर नवल नाही.

ही बोटे काय शोधीत असतात, आणि ते शोधण्यास वैद्यकाला कोणी शिकविले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती अडीचशेहून अधिक वर्षांची आहे. तिच्यात दोन भारतीय शहरांचा मोलाचा वाटा आहे: एक कलकत्ता आणि दुसरे मुंबई.

बोटे शोधतात ती गाठ. गाठ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातल्या आजीबाईलाही ठाऊक असते. आणि अवधाण आले म्हणजे जखम मुरते आहे हेही तिला ठाऊक असते. मानेच्या गंडमाळेला आपल्या आयुर्वेदात स्वतंत्र स्थान आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा 'गाठीचा ताप' या दोन शब्दांनी घरे ओस पडली. म्हणजे दूरच्या ठिकाणी घडलेल्या गोष्टीची वर्दी गाठ देते, ही जाणीव लोकांत पूर्वापार होतीच. ती का देते, एवढेच कळावयाचे होते.

शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक वाहिन्यांचे जाळे आहे. रक्तातून झिरपून पेशींच्या सांदीकोपऱ्यांत साठलेला पातळ द्रव, ज्याला आपण लसीका म्हणतो, तो गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणे हे त्याचे काम. या वाटेवर ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या लहानमोठ्या ग्रंथी आहेत. त्या लसीका गाळतात आणि तिच्यातून आलेल्या परक्या वस्तूशी झगडतात. शरीरात अशा शेकडो ग्रंथी असून त्यांतल्या पुष्कळशा एकट्या मानेत आहेत. जिभेची लसीका मानेत जाते, स्तनाची मुख्यतः काखेत आणि गर्भाशयमुखाची ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने. अवयव कोणता ते सांगा, म्हणजे गाठ कोठे शोधावयाची ते शल्यविशारद सांगेल.

परंतु ही शरीररचना ठाऊक झाल्यावरही कर्करोगाशी तिचा संबंध जोडण्यास दीर्घ काळ लागला, कारण वाटेत गॅलन उभा होता. कर्करोग हा शरीरातील काळ्या पित्ताचा विकार आहे असे त्याचे मत, आणि ते युरोपात शतकानुशतके प्रमाण मानले गेले. रोग साऱ्या शरीराचा असेल तर एखादा अवयव कापून काय साधणार? १७५७ मध्ये आंरी फ्रांस्वा ल द्रां या फ्रेंच शल्यविशारदाने निराळे प्रतिपादन केले. कर्करोग आरंभी एका जागी असतो, तेथून तो लसीकेच्या वाटेने जवळच्या गाठींत जातो आणि मग इतरत्र पसरतो, असे तो म्हणाला. ही नुसती उपपत्ती नव्हती. तिच्यात आशा होती. रोग जर एका जागी जन्म घेत असेल, तर वेळेवर पोचणाऱ्याला तो समूळ काढता येईल. पुढे एकोणिसाव्या शतकात फिरचो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने गाठ ही चाळणी आहे, ती कर्कपेशींना काही काळ अडवून धरते, असे सांगून या विचाराला भक्कम आधार दिला.

चाळणी म्हटले की पुढचे पाऊल अपरिहार्य होते. चाळणीत अडकलेला गाळ चाळणीसह काढून टाकावा. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम हॉलस्टेड याने स्तनाच्या कर्करोगासाठी स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतील सर्व गाठी एकाच तुकड्यात काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि १८९४ मध्ये ५० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मला मात्र त्याचा १९०७ चा निबंध अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात त्याने शस्त्रक्रियेनंतर कोण जगले आणि कोण दगावले याचा हिशेब गाठींच्या स्थितीप्रमाणे लावला. काखेतल्या गाठी स्वच्छ असलेल्या स्त्रिया वर्षे उलटल्यावरही मोठ्या संख्येने हयात होत्या. काखेत रोग पोचलेल्यांची संख्या पुष्कळ घटली होती. आणि काखेबरोबर मानेतही पोचलेल्यांपैकी फारच थोड्या उरल्या होत्या. शस्त्रक्रिया तीच, हात तोच. फरक फक्त गाठींचा. आयुष्याचा अंदाज गाठीवरून बांधण्याची रीत येथे पक्की झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९०६ मध्ये, क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल याने १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे मानेतील सर्व गाठी अशाच एकसंध काढण्याची पद्धती मांडली होती. बजबजच्या कामगाराच्या मानेवरून फिरणाऱ्या बोटांमागे क्राइलचा तो निबंध उभा आहे.

याच सुमारास व्हिएन्नात एक वाद पेटला होता, आणि तो सोडविण्याचा एक धाडसी प्रयत्न पुढे कलकत्त्यात व्हावयाचा होता. वाद गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी होता. एर्न्स्ट व्हेर्टहाइम याने १८९८ पासून पोट उघडून गर्भाशय, आजूबाजूचा भाग आणि वाढलेल्या गाठी काढण्यास आरंभ केला. रोग मुळापासून काढावयाचा तर गाठींपर्यंत पोचलेच पाहिजे, हा त्याचा आग्रह. पण ते दिवस रक्तदानाचे नव्हते, पेनिसिलिनचे नव्हते. आरंभीच्या काळात त्याच्या शस्त्रक्रियेत मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण भयंकर होते. ज्याच्या हाताखाली तो शिकला तो फ्रिड्रिख शाउटा योनिमार्गाने शस्त्रक्रिया करी. तीत पोट उघडावे लागत नसे आणि बळी कितीतरी कमी पडत. परंतु त्या वाटेने गाठींपर्यंत हात पोचत नसे. शाउटाचे त्यावर उत्तर असे, की गाठींत रोग पोचला असेल तर त्या काढूनही बहुधा काही उपयोग होत नाही, आणि पोचला नसेल तर त्या काढावयाच्या कशाला? गुरू-शिष्यांचा हा वाद पुष्कळांना निव्वळ तंत्राचा वाटला. वस्तुतः तो गाठ म्हणजे काय यासंबंधी होता. व्हेर्टहाइमच्या लेखी गाठ हा दरवाजा होता. तो वेळेवर बंद केला तर शत्रू अडतो. शाउटाच्या लेखी ती साक्षीदार होती. शत्रू येऊन गेला एवढेच ती सांगते, आणि साक्षीदाराला घालवून गुन्हा पुसला जात नाही.

कलकत्त्यात देशबंधु चित्तरंजन दास यांनी आपले राहते घर लोककार्यासाठी दिले आणि त्यांच्या निधनानंतर १९२६ मध्ये तेथे स्त्रियांसाठी चित्तरंजन सेवासदन सुरू झाले. त्याला जोडून उभारलेल्या कर्करोग-रुग्णालयाचे उद्घाटन २ जानेवारी १९५० रोजी मादाम क्युरी यांची कन्या इरेन जोलियो-क्युरी यांच्या हस्ते झाले. या संस्थेचे सूत्रधार होते स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सुबोध मित्र. त्यांच्यापुढे येणाऱ्या स्त्रियांचा विचार करावा. बजबज, हावडा, चोवीस परगण्यांतील खेडी यांतून येणारी स्त्री बहुधा अनेक बाळंतपणे झालेली आणि रक्त कमी असलेली. रक्तस्राव असह्य झाल्यावर, सर्व घरगुती उपाय थकल्यावर ती रुग्णालयाची पायरी चढे. तिला व्हेर्टहाइमची शस्त्रक्रिया झेपणे कठीण, आणि शाउटाच्या शस्त्रक्रियेत गाठी तशाच राहावयाच्या.

मित्रांनी दोहोंचा मेळ घातला. दोन्ही जांघांच्या वर छेद घेऊन, पण उदरपोकळीचे आवरण न उघडता ते बाजूला सारून, त्यांनी बाहेरच्या बाहेर ओटीपोटातील गाठींपर्यंत वाट काढली. गाठी काढल्यावर गर्भाशय शाउटाच्या वाटेने, योनिमार्गाने काढावयाचे. पोटाची पोकळी न उघडल्यामुळे शरीराला बसणारा धक्का कमी. आणि तरीही गाठी हाती लागतात, सूक्ष्मदर्शकाखाली जातात आणि आपली साक्ष देतात. जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत ही शस्त्रक्रिया 'मित्र शस्त्रक्रिया' म्हणून नोंदली गेली. मित्र पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६१ मध्ये परदेशी असता निवर्तले. ज्या शहरी त्यांचे निधन झाले ते व्हिएन्ना होते.

त्यांची शस्त्रक्रिया फार काळ टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. गर्भाशयमुखाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात रेडियमने आणि पुढे नव्या किरणोपचारांनी चाकूची जागा घेतली. परंतु मूळ कल्पना मेली नाही. १९८० नंतरच्या दशकात लियों येथील दानिएल दार्जां याने लहानशा छिद्रातून दुर्बीण घालून गाठी काढण्यास आणि मग शाउटाच्या वाटेने शस्त्रक्रिया पुरी करण्यास आरंभ केला, तेव्हा मित्रांचीच कल्पना नव्या उपकरणांनी पुन्हा उभी राहिली. आणखी एक गोष्ट नवलाची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे टप्पे ठरविणारे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात गाठींना अधिकृत स्थान २०१८ पर्यंत नव्हते. गाठी तपासण्याची साधने गरीब देशांत नाहीत, आणि तेथल्या रुग्णांची इतरांशी तुलना करता आली पाहिजे, म्हणून टप्पा मुख्यतः हाताच्या तपासणीवर ठरविला जाई. भूमिका उदार खरी. पण आयुष्याचा अंदाज ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक अवलंबून, तीच हिशेबाबाहेर राहिली. २०१८ च्या सुधारणेत गाठींत रोग पोचलेल्या स्त्रीची गणना तिसऱ्या टप्प्यात होऊ लागली.

इतर अवयवांच्या बाबतीत हे केव्हाच घडून गेले होते. लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स याने १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन वर्ग केले आणि गाठींत रोग असलेल्यांचा वर्ग शेवटचा ठेवला. पुढे फ्रान्समध्ये पिएर दनुआ याने अर्बुदाचा आकार, गाठी आणि दूरचा प्रसार अशा तीन खुणांची भाषा तयार केली. तीच आज सर्व रुग्णालयांच्या कागदांवर आढळते. मधले अक्षर गाठींचे.

म्हणजे गाठ भविष्य सांगते, यावर सर्वांचे एकमत झाले. दरवाजा की साक्षीदार हा प्रश्न मात्र तसाच होता, आणि स्तनाच्या बाबतीत त्याचा निकाल हॉलस्टेडच्या विरुद्ध लागला. बर्नार्ड फिशर या अमेरिकी शल्यविशारदाने १९७१ मध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. काखेत गाठ हाताला न लागणाऱ्या स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटात हॉलस्टेडप्रमाणे काख मोकळी केली, दुसऱ्यात किरणोपचार दिले आणि तिसऱ्यात काखेला हातच लावला नाही. गाठ उद्भवली तर मग पाहू, असे ठरविले. पहिल्या गटातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या काखेत सूक्ष्मदर्शकाखाली रोग सापडला. गट चिठ्ठीने पाडलेले असल्यामुळे तिसऱ्या गटातही तितक्याच जणींत तो दडलेला असणार. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी सुमारे १८ टक्के जणींनाच पुढे काखेत गाठ आली, आणि २५ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा तिन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. स्तनाच्या बाबतीत शाउटा बरोबर होता असे म्हणावयास हरकत नाही. काखेतली गाठ रोगाचा स्वभाव सांगत होती. रोग तिच्यापुरता थांबलेला नव्हता. पाऊण शतक असंख्य स्त्रियांनी कापलेली छाती आणि सुजलेला हात यांचे ओझे वाहिले. त्या सुजेचे वर्णन १९२१ मध्ये स्वतः हॉलस्टेडनेच केले होते.

या निकालानंतर पाश्चात्त्य जगात साऱ्याच गाठींकडे याच नजरेने पाहण्याची वृत्ती बळावली. तोंडाच्या कर्करोगातही, व्रण लहान आहे आणि मानेत काही लागत नाही, तर मान उघडू नये, लक्ष ठेवावे, गाठ आली तर मग काढावी, असे सांगणारे पुष्कळ होते. मान उघडण्याला किंमत पडते. खांद्याकडे जाणारा ज्ञानतंतू दुखावला तर हात वर होत नाही, आणि ओझी उचलणाऱ्याच्या दृष्टीने ती किंमत थोडी नव्हे. मानेत काही लागत नसलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे तिघांच्याच गाठींत रोग दडलेला असतो. मग सात माना व्यर्थ का उघडाव्यात? दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे, की ते तिघे कोण हे आधी कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

येथे आपण मुंबईस येतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्याच्या प्रयोगशाळांचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीयांच्या तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखू आणि विडा यांच्याशी असलेला संबंध ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. पाश्चात्त्य देशांत विरळा असणारा हा रोग परळच्या ओसरीत रोज रांग लावून उभा असे. साहजिकच, मान उघडावी की न उघडावी हा प्रश्न तेथे ग्रंथातला नव्हता. १९८९ मध्ये तेथून ७० रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. परंतु एवढ्या थोड्या रुग्णांवरून निकाल लागणे शक्य नव्हते. मग २००४ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी चाचणी हाती घेतली. तोंडाचा कर्करोग लहान आणि मानेत गाठ हाताला न लागणारी, अशांचे चिठ्ठीने दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील गाठी काढल्या. दुसऱ्यात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया करून मानेवर नियमाने लक्ष ठेवले आणि गाठ दिसताच ती काढली. दहा वर्षांत ५९६ रुग्ण चाचणीत आले. मध्यंतरी ५०० जणांचा हिशेब तपासला तेव्हा फरक इतका स्पष्ट होता, की नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले.

२०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात शंभरातले ८० जण हयात होते आणि दुसऱ्यात साडेसदुसष्ट. रोग पुन्हा न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्यात सुमारे ६९ टक्के, दुसऱ्यात ४६ च्या आत. आकडे कोरडे वाटतात, म्हणून दुसऱ्या रीतीने सांगतो: आधीच मान उघडलेल्या दर आठ माणसांमागे एक माणूस असा होता, जो एरव्ही दगावला असता. दुसऱ्या गटात पुष्कळांच्या बाबतीत गाठ बोटांना लागली तोवर रोगाने तिचे कवच फोडून आसपासच्या भागात शिरकाव केला होता. जिभेच्या आणि गालाच्या बाबतीत व्हेर्टहाइमचे म्हणणे खरे ठरले. येथे गाठ साक्षीदार तर आहेच, पण दरवाजाही आहे. रोग बराच काळ मानेतच घुटमळतो. तेथे गाठला तर गाठला.

एकाच गोष्टीची दोन अवयवांत दोन उत्तरे यावीत, हे तर्कप्रिय मनाला रुचत नाही. तथापि रोग आपल्या तर्काला बांधलेला नाही. स्तनातील पेशी रक्ताच्या वाटेने लवकर दूर निघून जातात. तोंडातील कर्करोग पुष्कळदा मानेपलीकडे न जाताच जीव घेतो. एकाचे सूत्र दुसऱ्याला लावण्याची घाई करणारे शहाणे लोक दोन्ही खंडांत होते.

मुंबईच्या चाचणीविषयी आणखी एक विचार मनात येतो. तिच्यातील रुग्ण ठरलेल्या वेळी बोलावले जात, तपासले जात. आणि तरीही वाट पाहणाऱ्यांनी एवढे गमावले. लक्ष ठेवणे या शब्दांत दोन पक्ष असतात, आणि दुसरा पक्ष रुग्ण हा असतो. बजबजहून दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी मान दाखवावयास येणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे, घरातले कोणी तरी बरोबर आणणे, आणि दुखत काही नसताना रांगेत उभे राहणे. जीभ बरी झालेला माणूस असा किती वेळा येईल? न लागणारी गाठ दुखतही नाही, आणि दुखते तोवर ती पुष्कळ पुढे गेलेली असते.

आता तोंडाच्या कर्करोगातही तिसरी एक वाट निघाली आहे. व्रणाजवळ किरणोत्सर्गी द्रव्य टोचले असता ते लसीकेबरोबर ज्या गाठीत प्रथम पोचते, तिला पहाऱ्यावरची गाठ म्हणतात. तेवढीच काढून तपासावी आणि ती स्वच्छ असेल तर मान मिटवून टाकावी. त्वचेच्या आणि स्तनाच्या कर्करोगात ही रीत १९९० नंतरच्या दशकात रुळली. तोंडाच्या बाबतीत फ्रान्स आणि जपान येथील चाचण्यांनी २०२० आणि २०२१ मध्ये ती संपूर्ण मान उघडण्याइतकीच विश्वसनीय असल्याचे दाखविले. व्यर्थ उघडल्या जाणाऱ्या सात माना तिने वाचतील. तिला किरणोत्सर्गी द्रव्य लागते, ते ओळखणारे यंत्र लागते आणि एका गाठीचे अनेक पातळ काप करून प्रत्येक काप पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ लागतो. जेथे ही तिन्ही आहेत तेथे ती वापरावी. जेथे नाहीत, तेथे सगळी मान उघडण्याचा २०१५ चा निकालच अजून चालू आहे.